चौथ्या सीटवरची भीती

मुंबईत आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं, एकटंच पुटपुटताना दिसलं, की मोठी माणसं हसून म्हणायची, ‘आता ह्याला ठाण्याला पाठवायला पाहिजे.’ पुण्याकडची मुलं हेच येरवड्याबद्दल ऐकत वाढली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. मुंबईच्या कितीतरी पिढ्यांना तलावांचं हे गाव आधी त्या इस्पितळामुळे माहीत झालं, बाकीच्या गोष्टींमुळे नंतर. ज्यांचं माणूस तिथे होतं ती घरं तर ठाण्याचं नावही काढत नसत. आमच्या चाळीतल्या एका बिऱ्हाडातली थोरली मुलगी अशीच ‘गावी’ गेली होती. कुठल्या गावी, हे विचारायचं नाही, एवढं आम्हा पोरांना कुणी न सांगता कळलं होतं.

म्हणून १९९० साली त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली, ही घटना मला फार मोलाची वाटते. मनाबद्दल बोलण्याची जागा त्यांनी इस्पितळाच्या फाटकाबाहेर आणली. व्याख्यानं झाली, पुस्तकं झाली, मुलांसाठी ‘वेध’ हा उपक्रम झाला. चारचौघांत ‘मला हल्ली फार धास्ती वाटते’ असं म्हणता येऊ लागलं. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले, नोकरी ठाण्यात लागली, आणि लोकलच्या डब्यातल्या बायका कांद्याच्या भावाइतक्या सहज ‘समुपदेशनाला जाऊन आले’ म्हणताना ऐकल्या, तेव्हा चाळीतली ती मुलगी मला आठवली होती. तिच्या वाट्याला हे बोलणं आलं नाही.

माझ्यावर अशा धास्तीची वेळ २०१६ नंतर आली.

२६ मे २०१६. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. सुट्टी असल्याने मी घरी होते, जेवणाची तयारी चालली होती. आधी आवाज आला की आधी खिडकी आत आली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कितीतरी अंतरापर्यंतच्या इमारतींच्या काचा फुटल्या. लोक भूकंप समजून जिन्यांवरून खाली धावले. माणसं गेली, कित्येक जखमी झाली. मला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी हेच एक वाक्य स्वतःला ऐकवत राहिले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी रडावं. तुला काय झालंय?

पण शरीराला हा हिशेब मान्य नव्हता. दुकानाचं शटर खाली आलं, गच्चीवर कुणी पत्रा टाकला, वरातीत फटाके लागले, की काळीज घशाशी येई. हाताला घाम सुटे. मग विचार सुरू होत. मुलगा क्लासला गेलाय, तो त्याच रस्त्याने येणार. गॅस बंद केला होता का? आजच होईल. आत्ताच होईल. रात्री तीनला जाग यायची आणि खिडकीच्या नव्या काचेकडे बघत मी पडून राहायची. ऑफिसात, लग्नकार्यात, नाटकाला मी हसतखेळत असे. हे सगळं आतल्या आत चाले, त्यामुळे कुणाला सांगायचं म्हटलं तरी कुठून सुरुवात करावी ते कळत नसे.

मी वाचणारी बाई आहे. त्यामुळे आधी पुस्तकांकडे गेले. आल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा, पुढे डॉ. नाडकर्णींनी ती व्याख्यानांमधून घराघरांत पोचवली. आपल्याला घटनेइतकाच घटनेबद्दलचा आपला समज छळतो, म्हणून त्या समजाची उलटतपासणी घ्या, पुरावा मागा, असं ती सांगते. ऑफिसातला अपमान, नणंदेचं बोलणं, मुलाचे मार्क, या सगळ्यांत तिने मला खरोखर हात दिला आहे. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण या भीतीशी वाद घालायला बसले की मी हरायची. पुरावा काय, असं विचारलं की पुरावा समोर हजर असे. खिडकीची काच नवी होती. कारखाने जागेवर होते. पुन्हा होईल हा विचार अविवेकी आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि २३ मे २०२४ ला, ऐन दुपारी, पुन्हा झालंच.

दुसरा रस्ता माहेरचा. आमच्याकडे तिन्हीसांजेला मनाचे श्लोक म्हटले जात. समर्थांनी २०५ श्लोकांत मनाला हाक मारून समजावलं, वळवलं, ताकीद दिली. ते मला आजही पाठ आहेत आणि त्यांच्या ठेक्याने कित्येक वाईट रात्री पार झाल्या आहेत. पण समजावण्यासाठी समोरचं ऐकण्याच्या स्थितीत असावं लागतं. घाबरून गेलेलं शरीर ऐकत नाही. श्लोक ओठांवर असत आणि छाती आपली धडधडतच असे. त्यात मी त्या धडधडीवर चिडायची, आणि चिडले की ती वाढायची. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, ज्यांना आधी मनाई केली होती त्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. मी हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. इतक्या रात्री मी जे काम नेटाने करत होते, ते होणारंच नव्हतं.

२०२४ च्या स्फोटानंतर मी ठाण्यात डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काही काळ औषध दिलं, बोलायला समुपदेशक दिल्या, आणि जरा सावरल्यावर नौपाड्यातल्या एका ध्यानवर्गाचा पत्ता दिला. तिथे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि खिडकी आत आली. श्वास पाहायला छातीत गेले तर तिथेच तर सगळा गोंधळ होता. मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. आमच्या शिक्षिका मागोमाग आल्या. ‘ताई, डोळे मिटायलाच हवेत असं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘उघडे ठेवा. श्वास राहू दे. चपला काढा आणि तळपायांखाली फरशी लागतेय का, तेवढं बघा.’

फरशी गार होती. एवढंच होतं, पण ते खरं होतं आणि त्या क्षणीचं होतं. भीती पुढच्या क्षणाबद्दल बोलत होती. फरशी या क्षणाची होती. मी तळपायांवर थोडा वेळ राहिले, मग जिन्यातून येणारे आवाज ऐकले. कुकर, रिक्षा, कुणाच्या तरी टीव्हीवरची मालिका. त्यात एक दार धाडकन आपटलं. मी दचकले. शिक्षिकांनी विचारलं, ‘दचकलात, ते कुठे कळलं?’ असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ‘का दचकलात’ हे सगळे विचारत आणि मागोमाग ‘त्यात काय एवढं’ म्हणत. कुठे, असं विचारल्यावर शोधावं लागलं. खांदे वर गेले होते. पोटात गोळा होता. जीभ टाळूला चिकटली होती. शोधता शोधता खांदे आपोआप खाली आले.

माझा सगळा अभ्यास या एका प्रश्नावर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. वर्गात आम्हाला आडवं पडून शरीरभर लक्ष फिरवायला शिकवलं, बसून श्वास पाहायला शिकवलं, चालताना पावलं पाहायला शिकवलं. पण अवघड विचार आल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्या जिन्यातलंच राहिलं. ‘भीती वाटते’ एवढ्यावर थांबायचं नाही. छातीत नेमकं काय आहे? दाब आहे, की ऊब, की ठोके? किती जागेत आहे? वाढतंय की तेवढंच आहे? असं बघायला लागलं की भीती एकसंध राहत नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा सोसता येण्याजोगा निघतो. सगळी मिळून ती जेवढी वाटत होती तेवढी ती नसते. डोक्यात चाललेल्या वाक्यांना नुसतं नाव द्यायचं. हा काळजीचा विचार. ही आठवण. हे स्वतःला टोचून बोलणं. मॅथ्यू लिबरमन यांच्या संशोधकगटाने २००७ मध्ये दाखवलं होतं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची वर्दी देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया सौम्य होते. मला मेंदूतलं कळत नाही. नाव दिल्यावर हाताचा घाम लवकर सुकतो, हे कळतं.

यात एक गोष्ट मला उशिरा उमगली, आणि ती लोकलमध्ये उमगली. बाक तिघींचा असतो. चौथी येते, ‘जरा सरकता का’ म्हणते, आणि आपण सरकतो. तिला नीट बसता येत नाही, आपल्यालाही येत नाही. तिचं कोपर लागतं, पिशवी मांडीवर येते. तरी डोंबिवलीची बाई चौथीला उभं ठेवत नाही. ती कायमची बसायला आलेली नाही हे दोघींनाही माहीत असतं. ‘कुठे उतरणार?’ एवढं आपण विचारतो आणि आपल्या कामाला लागतो. कुणी भाजी निवडतं, कुणी पोथी वाचतं. भीतीला मी आजवर दारातच अडवत आले होते आणि ती दारात उभी राहून दार हलवत होती. त्या दिवशी ती आली तेव्हा मी मनातल्या मनात सरकले. ये, बस. कोपर लागलं. मुंब्रा गेलं, कळवा गेलं. ठाणं आलं तेव्हा ती होती की उतरली होती हे पाहायलाही मी विसरले, कारण शेजारची मुलगी मला तिच्या नव्या नोकरीबद्दल सांगत होती आणि मी खरंच ऐकत होते.

जागा देणं म्हणजे भीती आवडून घेणं नाही. ती निघून जावी म्हणून जागा देणंही नाही. तसं केलं की डोळा घड्याळावर राहतो आणि तोही एक प्रकारे हाकलणंच होतं. हे समजायला सोपं आहे, पण करायला फार अवघड. मला अजूनही रोज जमत नाही.

ऑफिसातल्या तरुण मुली याला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात आणि मोबाइलवरच्या अमेरिकी आवाजाबरोबर करतात. त्यात काही वाईट नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी, ज्यांना औषधांनी पुरेसा आराम पडत नव्हता अशांसाठी. त्यांनी धर्माची भाषा बाजूला ठेवली आणि ध्यान दवाखान्यात आणलं, हे मोठंच काम. मराठीत डॉ. यश वेलणकर यांच्यासारख्यांनी हा विषय साध्या शब्दांत लिहिला आहे. पण कल्याणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने या विद्येला परकं मानू नये, असं मला वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे गजबजलेलं बंदर होतं. तिथल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दिलेल्या दानांचे शिलालेख आजही दगडात आहेत. ज्या भिक्षूंसाठी त्या गुहा खोदल्या, त्यांच्या साधनेत श्वासाकडे आणि संवेदनांकडे पाहणं होतं. पुढे ही परंपरा आपल्याकडून पुसली गेली, ब्रह्मदेशात जपली गेली, आणि परत आली ती एका डोकेदुखीमुळे. सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने त्यांना इतकं छळलं की मॉर्फिन घ्यावं लागे. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. १९६९ च्या जुलैत त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. कल्याणहून कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरी. खडवलीजवळ, सौरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमाच्या आवारातही त्यांचं केंद्र आहे. आपल्या भागातल्या बुद्धविहारांत आनापान, म्हणजे श्वासाकडे पाहणं, शिकलेल्या कितीतरी बाया माझ्याच डब्यात असतात. त्या त्याचा गाजावाजा करत नाहीत.

माझी आत्या इगतपुरीला जाऊन आली. पहाटे चारला घंटा, रात्री नऊपर्यंत साधना, दहा दिवस मौन, फी नाही. घरातल्या सगळ्यांना वाटलं होतं, ही बडबडी बाई दुसऱ्या दिवशी परत येईल. ती पुरे दिवस राहिली. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, ‘पोरी, पहिल्यांदा कुणी मला चहा करायला सांगितला नाही.’ मग जरा थांबून तिने जे सांगितलं ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. तिच्या सासूने लग्नानंतर लगेच तिला एक वाक्य ऐकवलं होतं, तिच्या वडिलांच्या गरिबीवरून. ते वाक्य घेऊन ती सगळा संसार जगली. तिथे बसल्यावर ते वाक्य आलंच. त्याच वेळी गुडघ्यात ठणका लागला. ‘मी ठणका बघत बसले. कमी होतोय, जास्त होतोय. वाक्य कधी गेलं कळलं नाही. मग परत आलं. परत ठणका बघितला. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. वाक्य तेच आहे गं. पण आता ते म्हातारं झालंय.’

आत्याला जे दहा दिवसांच्या मौनात मिळालं ते माझ्यासारखीला मिळालं नसतं. मिटलेल्या डोळ्यांनी तेवढा काळ बसणं मला त्या अवस्थेत झेपलं नसतं, आणि माझ्या डॉक्टरांनीही तसं स्पष्ट सांगितलं होतं. ज्यांच्या मनावर मोठा आघात झालाय, ज्यांचं नैराश्य खोल आहे, ज्यांना भास होतात, त्यांनी लांब मौनाच्या शिबिरात एकट्याने उडी घेऊ नये. हे लिहिताना मी मुद्दाम आवाज चढवते आहे. ध्यानाने काही जणांची अस्वस्थता वाढते आणि जुन्या जखमा उघड्या पडतात, हे आता अभ्यासकही मांडतात. चांगला शिक्षक याची विचारपूस आधी करतो.

संशोधनाचं म्हणाल तर ते जेवढं सांगतं तेवढंच घ्यावं. टीसडेल, सीगल, विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १४५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्यातून बाहेर आलेली ही माणसं. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं त्यांच्यापैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ६६ टक्क्यांना ते पुन्हा आलं. जोडीला ध्यानाधारित उपचार घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. दोनदाच येऊन गेलेल्यांत मात्र हा फायदा दिसला नाही. हा तपशील मला फार बोलका वाटतो. ज्यांच्या मनात दुःखाच्या विचारांची वाट वारंवार चालून मळलेली आहे, त्यांना ‘हा विचार आहे, ही बातमी नाही’ हे ओळखणं उपयोगी पडलं. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम आराम पडतो, आणि त्याचा पुरावाही मध्यम बळाचा आहे, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या शाळांतल्या आठ हजारांवर मुलांचा अभ्यास आला. वर्गात सगळ्यांना सरसकट सजगता, म्हणजे माइंडफुलनेस, शिकवून त्यांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नव्हता. मला यात आश्चर्य वाटलं नाही. मी शाळकरी वयात असताना कुणी मला तळपायांखालची फरशी बघायला सांगितली असती, तर मी मैत्रिणीकडे बघितलं असतं.

मग ९ जून २०२५ आला. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकून चाललेली माणसं रुळांवर पडली. काही जण गेले. त्या रुळांवरून मी रोज जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा ही पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हापासून फास्ट लोकल १९१६ सालच्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या थांबल्या आणि कळवा-मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. आधी बोगद्यात शिरलं की डब्यात जरा वेळ काळोख आणि गारवा यायचा. आता ते वळण येतं. अपघातानंतरच्या आठवड्यांत डबा त्या वळणावर गप्प व्हायचा. एकीने दाराजवळ उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीचा दंड पकडला आणि ठाण्यापर्यंत सोडला नाही. मुलीनेही सोडवून घेतला नाही.

मी त्या दिवसांत रोज गाडीतच बसल्या बसल्या सराव करत होते आणि एक नवीन गोष्ट मला दिसली. छातीत भीती होती, ओळखीची. पण जबड्यातही काहीतरी होतं, घट्ट, गरम, आणि ते भीतीचं नव्हतं. तो राग होता. आजवर मला दोन्ही मिळून एकच ‘कसंतरी’ होत असे. वेगळे ओळखता आले तेव्हा कळलं की त्यांच्या मागण्याही वेगळ्या आहेत. भीती म्हणत होती, नोकरी सोड, घरी बस, मुलाला बाहेर पाठवू नकोस. राग असं काहीच म्हणत नव्हता. तो विचारत होता, माणसं दारात का लटकतात? एवढ्या माणसांना पुरतील एवढ्या गाड्या का नाहीत? वस्तीला खेटून रसायनं का?

ध्यानाबद्दल माझं एक मत आता पक्कं झालं आहे. मनाच्या शांततेसाठी ते करावं, पण गर्दी गोड मानून घेण्यासाठी करू नये. कामाचे तास न घटवता कर्मचाऱ्यांना ध्यानाची कार्यशाळा देणं, ही त्यांची फसवणूक आहे असं मला वाटतं. रेल्वेने गाड्या वाढवायच्या असतात, दारं बंद होणारे डबे आणायचे असतात. ते काम माझ्या श्वासाने होणार नाही. आणि ज्यांचं दुखणं बसून श्वास बघण्याच्या पलीकडचं आहे त्यांना डॉक्टर हवा, औषध हवं, वेळेवर हवं. १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मी तो आमच्या इमारतीच्या फलकावर, पाणी येण्याच्या वेळांच्या शेजारी लावला आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या रहिवाशांनी एक सभा बोलावली. कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या होत्या, पुढे काय ते कुणाला माहीत नव्हतं. काही अधिकारी आले होते. मी अशा सभांमध्ये मागच्या रांगेत बसणारी. त्या दिवशी हात वर केला. उभी राहिले तसं काळीज घशाशी आलं, गुडघे हलायला लागले. आजवर याच क्षणी मी ‘काही नाही, राहू दे’ म्हणून खाली बसले असते. मी तळपाय टेकवले. फरशी होती. खांदे वर गेले होते, ते कळलं. आवाज कापत होता, तो कापू दिला. पहिला प्रश्न विचारला: आमच्या इमारतीजवळच्या कारखान्यांत कुठली रसायनं साठवलेली आहेत, त्यांची यादी रहिवाशांना मिळेल का? अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही घाबरू नका.’ मी म्हटलं, ‘घाबरले आहे साहेब, ते राहू द्या. माझे अजून दोन प्रश्न आहेत. स्फोट झाला तर भोंगा कुठे वाजणार? आणि वारा कुठल्या दिशेचा असला तर आम्ही मुलांना घेऊन कुठल्या रस्त्याने निघायचं?’